वाचकांचे प्रश्न : आईवर काय लिहायचं?

प्रश्न : आमची आई गेल्या जानेवारीत गेली. ९४ वर्षांची होती. आम्ही पाच भावंडं. येत्या जानेवारीत वर्षाची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) आहे, तेव्हा नातेवाइकांना द्यायला आठ पानांची पुस्तिका काढायचं ठरलंय. थोरला म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. वडील गेले तेव्हा मी एका बैठकीत तीन पानं लिहिली होती. रेल्वेतली नोकरी, सोसायटीचं चेअरमनपद, चर्चच्या कमिटीतली वर्षं, सगळं हाताशी होतं. आईचं लिहायला बसलो आणि ‘धार्मिक, कष्टाळू, प्रेमळ’ एवढं लिहून पेन थांबलं. शाळा चौथीपर्यंत, नोकरी नाही, कधी कुठे गेली नाही. रोज मिस्सा, रोज रोझरी, घर आणि वाडी. धाकट्या बहिणीला कागद दाखवला तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘दादा, हे कुणाच्याही आईबद्दल झालं.’ तिचं खरं आहे. पण मग लिहू काय?
– एक वाचक, वसई

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘घर आणि वाडी’ या शब्दांपाशी थांबले. तुमची पुस्तिका तिथेच आहे.

माझी आई २०२२ च्या नोव्हेंबरात गेली. माहेर गास, सासर नंदाखाल, दोन्ही वसई तालुक्यातली गावं. मीही तुमच्यासारखीच कागद पुढे घेऊन बसले होते. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून स्वतःच्या आईवर मला चार ओळी सुचेनात, याचं फार वाईट वाटलं. तुमच्या कागदावर आहेत तेच तीन शब्द माझ्याही कागदावर होते. शेवटी मी ते खोडले आणि तिचा दिवस लिहायला घेतला. पहाटे उठल्यापासून ती काय करायची, एवढंच. आणि लिहिता लिहिता मला कळलं की आपण तिला पुरतं पाहिलंच नव्हतं.

पहाटे चारला ती वाडीत असायची. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, म्हणून हातात कंदील. कळ्या केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत जायच्या, टोपली काकीच्या डोक्यावर, आणि काकी पहिल्या गाडीने दादरला. मग आई विहिरीवर अंघोळ करून तांबडं लुगडं नेसायची आणि सहाच्या मिस्साला. परत आली की चूल, भाकऱ्या, आम्हा पोरांच्या वेण्या. दुपारी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला रहाट चालायचा. बैल हाकायला कुणी नसेल तर तीच. पंप आला तेव्हा मी नववीत होते. रहाटाचा आवाज बंद झाल्यावर तिला कितीतरी दिवस दुपारची झोप लागेना, हे मला नीट आठवतं.

आता सांगा, अशा बाईच्या मृत्यूच्या बातमीत आपण ‘गृहिणी’ लिहितो. मीही लिहिलं होतं. शब्द वाईट नाही, पण त्यामागे सगळी वाडी झाकली जाते. माझ्या वडिलांना गिरणीत पगार होता आणि तो पावसाळ्यातच संपायचा. १९७६ साली माझी डी. एड. ची फी भरली ती सुकेळ्यांच्या, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांच्या, पैशांतून. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची, उंच मांडवावर पसरायची. दिवसभर ऊन द्यायचं, मधूनमधून हाताने उलटायची, आणि दव पडायच्या आत सगळी घरात आणायची. दुसऱ्या दिवशी परत बाहेर. असे साधारण आठ दिवस. केळं मधासारखं लालसर झालं, बोटाला चिकटेनासं झालं की सोपटात गुंडाळून घट्ट बांधायचं. आईचे हात त्या दिवसांत गोड वासाचे असायचे. एका वर्षी अवेळी पाऊस आला आणि मांडवावरचा सगळा माल काळा पडला. त्या संध्याकाळी ती ओटीवर बसून राहिली, कुणाशी बोलली नाही, आणि रोझरीची वेळ झाली तशी उठून दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तिने माहेरी जाऊन भावाकडून पैसे आणले. ते फेडायला तिला दोन वर्षं लागली. हे सारं मला ती गेल्यावर मामेभावाने सांगितलं.

म्हणून पहिलं काम हे करा : तुमच्या घरचे पैसे कुठून यायचे ते शोधा. फी, लग्नं, छपराची कौलं, आजारपणं. वडिलांच्या पगाराचा आकडा तुम्हाला पाठ असेल. आईच्या फुलांचा, भाजीचा, कोंबड्यांचा हिशेब कुणालाच पाठ नसतो, पण गावात विचारलंत तर निघतो. तिच्याबरोबर बाजाराला जाणारी एखादी बाई अजून हयात असेल. उद्याच जा.

आता रोझरीबद्दल. तुम्ही ‘रोज रोझरी’ एवढंच लिहिलंय. आपण त्यातच वाढलो, म्हणून ते आपल्याला दिसेनासं होतं. ज्यांच्या घरी रोझरी नसते अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते : माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात, सुरुवातीचे तीन धरून ‘नमो मरिया’चे ५३ मणी, आणि एकेक भाग म्हणताना येशूच्या आणि मारियामातेच्या आयुष्यातल्या एकेका रहस्याचं मनन करायचं. आमच्याकडे तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की आई देवघराच्या फळीखाली बसायची आणि आम्ही सगळे तिच्या मागे. प्रत्येक भाग तिने कुणाला तरी देऊन टाकलेला असायचा. पहिला वडिलांच्या गिरणीला. दुसरा आजारी माणसांना, त्यांची नावं घेऊन. चौथा ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कुणी नाही त्यांना. पाचवा आम्हा पोरांना. तिसरा कुणाचा ते ती सांगत नसे.

तिची माळ लाकडी मण्यांची होती. तिसऱ्या भागातला एक मणी कधीतरी पडला असावा. त्या जागी एक बारकं पांढरं बटण ओवलेलं होतं, दोन भोकांचं. त्या बटणावर बोट आलं की आईचा आवाज एक श्वासभर थांबायचा. आम्ही मुलं तेवढ्यात पुढचा ‘नमो मरिया’ सुरू करून टाकायचो, लवकर संपावं म्हणून. माझी समजूत अशी की ते बटण माझ्या शाळेच्या फ्रॉकचं. लहानपणी मी हे मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आईच्या महिन्याच्या मिस्साला धाकटी मावशी आली होती. ८५ वर्षांची. माळ हातात घेतली, बटणावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, ‘हे बाळाच्या झबल्याचं.’ माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. १९५५ साली घटसर्पाने गेला, अकरा महिन्यांचा होता, एवढंच. बटणाचं मात्र मावशीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. ६७ वर्षं आईचं बोट दररोज एकदा त्या बटणावरून गेलं.

मावशीही आता राहिली नाही. त्या दिवशी ती आली नसती, तर पुस्तिकेत मी फ्रॉकचंच लिहिलं असतं. तुमच्या आईची धाकटी बहीण, चुलतबहीण, वहिनी, शेजारीण, जी कुणी असेल तिच्याकडे जायला जानेवारीपर्यंत थांबू नका. जाताना आईच्या दोन-चार वस्तू बरोबर न्या. नुसत्या प्रश्नाने म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही, वस्तू हातात आली की आठवतं.

‘कधी कुठे गेली नाही’ हेही एकदा तपासा. माझ्या आईबद्दल मी अगदी हेच म्हणायची. मग तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पिवळा-पांढरा कागदी झेंडा सापडला, चार बोटांचा, घडीवर फाटलेला, आणि मला सगळं आठवलं. १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषद (जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा) भरली होती आणि पोप सहावे पॉल २ ते ५ डिसेंबर मुंबईत होते. पोप भारतात येण्याची ती पहिलीच वेळ. आई मला आणि कडेवरच्या धाकट्याला घेऊन गाववाल्यांबरोबर ओव्हल मैदानावर गेली. मी आठ वर्षांची. तिने त्या दिवशी पहिल्यांदा चर्चगेट पाहिलं. भाकरी-चटणी रुमालात बांधलेली. गर्दीत आम्हाला पोप दिसले ते एवढेसे, एक पांढरा ठिपका. आईने मला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, ‘दिसले का?’ मी ‘हो’ म्हटलं. ती स्वतः उंचीने बेताची, तिला काही दिसलं असेल असं वाटत नाही. घरी येऊन मात्र तिने आजीला सगळं वर्णन करून सांगितलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तिच्या भक्तीवर लिहायचं तर हेही लिहा की तिच्या आयुष्यात चर्च किती बदललं आणि ती त्याच्याबरोबर कशी चालली. तुमची आई आणि माझी आई एकाच पिढीच्या. त्या लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि फादर वेदीकडे तोंड करून असत. १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आपल्याकडे मराठीत. आमच्या घरात सामवेदी बोली बोलतात. आईला मराठी ही शाळेची, कचेरीची भाषा वाटे. तरी ती म्हणायची (सामवेदीतच म्हणायची, मी इथे मराठीत देते), ‘आधी फादर देवाशी बोलायचे आणि मी बाजूला बसायची. नंतर मलाही बोलावलं.’ आणि ७१ व्या वर्षी तिने रोझरीचा नवा भाग पाठ केला! २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, गुरुवारी म्हणायची. माझ्या भाचीने कॅलेंडरच्या पाठीमागे ती मोठ्या अक्षरांत लिहून दिली. तो कागद फळीवर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. तीन-चार गुरुवार ती अडखळली, मग कागदाकडे बघेनाशी झाली. धार्मिक म्हणजे काय, हे त्या कागदावरून जेवढं कळतं तेवढं ‘धार्मिक’ या शब्दावरून कळत नाही.

एक काम चर्चच्या ऑफिसात आहे. आईच्या माहेरच्या चर्चमध्ये जाऊन तिच्या बाप्तिस्म्याची नोंद बघून घ्या. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला, पण जुन्या नोंदवह्या त्या त्या चर्चमध्ये असतात. आधी फोन करा, फादरांची वेळ घ्या, घाई करू नका. माझ्या आईची जन्मतारीख आधारकार्डावर १ जानेवारी १९३३ होती. कुणाला नक्की ठाऊक नव्हती, म्हणून आम्हीच तशी लिहून दिलेली. नोंदवहीत बाप्तिस्मा निघाला ऑगस्ट १९३१ चा. म्हणजे आम्ही ८९ समजत होतो ती आई ९१ ची होती. आजोबांचं, आजीचं नाव होतं, धर्ममातेचं नाव होतं, आणि कडेच्या जागेत बारीक अक्षरात तिच्या लग्नाची नोंद : मे १९५०. लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहून ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे माझी आई अठराव्या वर्षी गासहून नंदाखालला आली. मला ते माहीत होतं, तरी त्या शाईवर बोट ठेवल्यावर माझा आवाज फुटेना.

आता एक गोष्ट जरा धीर करून सांगते. आई चांगली होती म्हणून तिचं सगळंच चांगलं लिहू नका. माझ्या धाकट्या भावाने १९८७ मध्ये हिंदू मुलीशी लग्न केलं. आई अकरा महिने त्याच्याशी बोलली नाही. रोझरीत त्याचं नाव घ्यायची, पण त्याच्या घरी पाऊल ठेवलं नाही. वहिनीला त्या काळात पहिला मुलगा झाला, तेव्हाही नाही. हे दुखणं माझ्या वहिनीच्या मनात आजही आहे आणि तिचा तो हक्क आहे. पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मिस्सा झाल्यावर आई आशीर्वाद दिलेली झावळी घेऊन तशीच चालत त्यांच्या घरी गेली, वाटेत कुणालाही न सांगता. ओटीवर बसून तिने झावळीचा क्रूस विणला, दाराच्या चौकटीला स्वतः खोचला आणि म्हणाली, ‘बाळाला आण.’ माफी मागितली नाही. त्यावर कधी बोलणंही झालं नाही. हे लिहू का, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, ‘अकरा महिने लिहा, मगच झावळी लिहा.’ तसंच लिहिलं. पुस्तिका वाचून दोन नातेवाईक माझ्यावर रागावले. वहिनीने मात्र तिची प्रत जपून ठेवली आहे.

तुमच्या घरातही असं काही असेल. ज्याला ते लागलं त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर लिहू नका. हो म्हणाला तर गुळगुळीत करू नका.

आणखी एक, तुम्ही वसईचे म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. आपलं पाणी, आपल्या वाड्या वाचाव्यात म्हणून गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. माझी आई त्या मोर्चात होती, लुगड्याचा काष्टा घट्ट करून, कमरेला माळ खोचून. घरी आल्यावर आम्ही विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, विहीर खारट झाली तर मी भात कशात शिजवू? तुमच्याही आईला कुणीतरी तिथे पाहिलं असेल. जुन्या बायांना विचारा.

मांडणीची फार काळजी करू नका. पाच भावंडांनी एकेक पान लिहावं, प्रत्येकाने एकच प्रसंग, आपापल्या डोळ्यांनी पाहिलेला. प्रसंगांचा मेळ बसला नाही तरी चालेल. धाकटीला जी आई मिळाली ती थोरल्याला मिळालेली नसते. नातवंडांना एक पान द्या. एक पान पूर्ण तुमच्या बोलीत असू द्या, आई बोलायची तसं, तिचे शब्द, तिचे टोमणे, तिच्या हाका. देवनागरीत लिहिताना काही उच्चार नीट बसणार नाहीत. तरी लिहा. तुमच्या नातवंडांना तो आवाज दुसरीकडे कुठे मिळणार आहे? आणि ‘धार्मिक, कष्टाळू, प्रेमळ’ हा कागद फाडू नका, बहिणीला द्या. तिला त्या प्रत्येक शब्दाखाली काय घडलं होतं ते आठवेल. सुरुवात तिच्यापासूनच करा.

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशी गेल्या. बावीस वर्षांचा शेजार. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली म्हटलं तरी चालेल. अंत्यविधीच्या वेळी मी गावी होते. या महिनाअखेरीस त्यांची महिन्याची मिस्सा आहे. आम्ही हिंदू. चर्चमध्ये आम्ही गेलेलं चालतं का? काय न्यायचं? प्रसाद घ्यायचा का? दिवाळीत त्या माझ्या चकल्यांची वाट बघायच्या. नाताळला त्यांनी दिलेला स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे आणि तो बघवत नाही.
– एक वाचक, विरार

उत्तर : जरूर जा. कुणाची परवानगी लागत नाही. चपला काढायच्या नसतात, डोक्यावर पदर घेतला तरी चालतं, नाही घेतला तरी चालतं. मध्यावर कुठेतरी बसा, म्हणजे पुढच्यांकडे बघून उठता-बसता येईल. गुडघे टेकायच्या वेळी नुसतं बसून राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही. लोक रांगेने पुढे जातात तो ख्रिस्तप्रसाद, त्या वेळी जागेवरच बसा. तो कॅथलिकांसाठी असतो आणि त्यांच्यातही तयारी झालेल्यांनाच देतात, म्हणून तुम्ही नाही घेतला याचं कुणाला वाईट वाटणार नाही. मिस्सा झाली की घरचे लोक बहुधा कबरीवर जातील. त्यांच्याबरोबर जा, फुलं आणि एक मेणबत्ती पुरे. कबरीपाशी हात जोडलेत तर तीही प्रार्थनाच.

डबा परत न्या. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, आणि त्यांच्याकडेही देत नाहीत. दिवाळी नाही म्हणून थांबू नका. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे, भाजणी दळून आणायला वेळ मिळेल.